खाडीवरच्या पक्ष्यांची मोजणी: भरती बघून, शून्यासकट

प्रश्न असा आला आहे: रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावात आठ-दहा जणांचा गट आहे. दोन हिवाळे ते दर रविवारी सकाळी खाडीवर जातात, दिसलेल्या पक्ष्यांची यादी करतात, फोटो काढतात. ही यादी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीसारख्या राष्ट्रीय पातळीवरच्या संस्थेला पाठवली तर तिचा उपयोग होईल का? त्यासाठी सभासद व्हावं लागतं का? आणि मोजणी नेमकी कशी करायची?

सभासद व्हावं लागत नाही. व्हायचं असेल तर जरूर व्हा, पण नोंद घेताना सभासद क्रमांक कोणी विचारत नाही. यादी मात्र आहे तशी पाठवलीत तर तिचा उपयोग थोडाच होईल. तुमची ओळख कच्ची आहे असं मुळीच नाही. ‘खाडीवर सत्तेचाळीस जाती दिसल्या’ एवढ्या वाक्यावरून दहा वर्षांनी कोणालाही काही ताडून बघता येत नाही, अडचण ती आहे. किती दिसले, किती वाजता, पाणी भरत होतं की उतरत होतं, किती जणांनी किती वेळ पाहिलं, हे सोबत असेल तरच ती नोंद ठरते. नाहीतर ती आठवण.

संस्थेबद्दल आधी थोडं सांगतो, कारण तिच्याकडून काय मिळतं याविषयी गैरसमज फार आहेत. ही संस्था १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जणांनी सुरू केली. त्यातले दोघे आपले डॉक्टर होते, आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. गंमत म्हणजे अमेरिकेतल्या पक्षिशास्त्रज्ञांची संघटनाही त्याच महिन्यात न्यूयॉर्कला स्थापन झाली. ती निव्वळ पक्ष्यांची. आपली संस्था साप, मासे, फुलपाखरं, झाडं सगळ्यांची. तरी पक्ष्यांचं काम इथे सगळ्यांत ठळक झालं ते सलीम अलींमुळे, आणि त्यात कोकणाचा वाटा आहे. सुगरणीचा नर एकामागून एक घरटी विणतो आणि मादी पसंत पडलेल्या घरट्याचा ताबा घेते, हे त्यांनी १९३० साली अलिबागजवळ किहीमला सुगरणींच्या वसाहतीवर चिकाटीने नजर ठेवून उलगडलं. त्यासाठी कुठे लांब जावं लागलं नाही. जागा एक ठेवली आणि तिथे पुनःपुन्हा पाहिलं.

आज संस्थेचे तुमच्या कामाचे भाग चार. १८८६ पासून निघणारं नियतकालिक, पक्ष्यांच्या नमुन्यांचा संग्रह, १९२७ पासून चालत आलेलं पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचं काम, आणि जानेवारीतली आशियाई पाणपक्षी गणना. गणना १९८७ पासून दरवर्षी होते आणि तिच्यात कोणालाही भाग घेता येतो. संस्था तुमच्या खाडीतला भराव थांबवायला येणार नाही. ते काम महसूल, वनविभाग आणि कांदळवन कक्षाचं. पण त्या कार्यालयांत जो कागद न्यायचा त्यावरचा आकडा या गणनेतून येतो. रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, जागा जाण्याचे जे निकष आहेत त्यातले दोन सरळ आकड्यांचे आहेत: नियमितपणे २०,००० किंवा अधिक पाणपक्षी, किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येपैकी १ टक्का तिथे असणं. ठाण्याची खाडी २०२२ मध्ये त्या यादीत गेली. तुमच्या खाडीत वीस हजार पक्षी नसतील, पण १ टक्क्याचा निकष छोट्या जागेलाही लागू पडू शकतो, आणि तो जातींच्या यादीवरून कधीच ठरत नाही.

आता मोजणी. सगळ्यात आधी भरती-ओहोटी, कारण दोन वर्षांच्या तुमच्या रविवारांमधली खरी गडबड तिथे आहे. रविवारी सकाळी आठ वाजता एका आठवड्यात खाडी काठोकाठ भरलेली असते, पुढच्या आठवड्यात अर्धा किलोमीटर चिखल उघडा असतो. पक्षी तेवढेच असले तरी पहिल्या दिवशी पाचशे दिसतात आणि दुसऱ्या दिवशी ऐंशी. मग ‘पक्षी कमी झाले’ अशी बातमी गावभर होते. पक्षी कुठे गेलेले नसतात, ते चिखलपट्ट्यावर पांगलेले असतात.

चिखलात किडे, शिंपले, छोटे खेकडे टिपणारे चिखले, तुतवार, टिलवे, कुरल हे पक्षी ओहोटीला खात फिरतात. पाणी चढायला लागलं की त्यांची जागा आक्रसत जाते आणि ते शेवटी ठरलेल्या विश्रांतीच्या जागी गोळा होतात: खाडीच्या तोंडाशी असलेली वाळूची दांडी, वापरात नसलेलं मिठागर, खाजणातला उंचवटा, कधी कातळाचा खडप. मोजायचं ते तिथे, भरती पूर्ण होण्याआधी दोन तास बसायला सुरुवात करून. पाणी पक्ष्यांना आपल्याकडे ढकलत आणतं. आपण त्यांच्यामागे धावायचं नाही.

भरतीची वेळ मच्छीमार कशी काढतात ते तुम्हाला माहीत असेलच: तिथीची पाऊणपट. एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ, त्रयोदशीला पावणेदहा, चतुर्दशीला साडेदहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. हा हिशेब ढोबळ आहे, नेमक्या वेळेसाठी जवळच्या बंदराचं भरतीचं कोष्टक बघा, पण महिन्याचा आराखडा आखायला तिथी पुरते. वरची यादी नीट पाहिलीत तर मोजणीचे दिवस आपोआप निघतात. द्वादशी ते पौर्णिमा किंवा अमावास्या, या चार दिवसांत भरती सकाळी नऊ ते सव्वाअकराच्या दरम्यान पूर्ण होते आणि पाणीही उधाणाकडे चढतं असतं. अष्टमीच्या आसपास भांगाचं, म्हणजे कमी चढणारं पाणी. ते सगळा चिखल झाकतच नाही, त्यामुळे पक्षी विश्रांतीच्या जागी नीट गोळा होत नाहीत. पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस पाणी सगळ्यात उंच चढतं, पण तेव्हा भरती दुपारी एकच्या सुमारास येते आणि तापलेल्या हवेच्या थरथरीत दुर्बिणीतून टिलवा आणि तुतवार वेगळे करता येत नाहीत.

दोन दुरुस्त्या लक्षात ठेवा. खाडीच्या तोंडापेक्षा आत भरती उशिरा पोचते. किती उशिरा हे खाडीच्या लांबीवर आणि वळणांवर अवलंबून, म्हणून धक्क्याच्या पायरीवर खूण करून दोन-तीन वेळा स्वतः पाहून ठरवा. दुसरं, उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना भरतीची उंची कमी होत जाते. मुंबईला उधाण साडेचार मीटरच्या पुढे जातं, मालवणकडे ते जेमतेम अडीच मीटरच्या आसपास. त्यामुळे रायगडातल्या कोणी ‘साडेतीन मीटर पाणी असेल तेव्हाच मोजा’ असं सांगितलं तर ते तुमच्याकडे चालणार नाही. तुमच्या खाडीत किती पाण्याला विश्रांतीची जागा भरते, तो आकडा तुमचा तुम्ही काढायचा.

निव्वळ वाळूच्या पुळणीवर गणित उलटं आहे. तिथे ओहोटीला ओल्या वाळूवर पक्षी पसरलेले असले तरी उघडे असतात आणि चालत जाऊन मोजता येतात. तृतीया-चतुर्थीला सकाळी सव्वाआठ-नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी असते, तो दिवस धरा. पर्यटकांच्या गाड्या आणि घोडे पुळणीवर उतरायच्या आत संपवायचं. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणं चालू असेल तर तसं लिहा. रापणीभोवती कुरव, सुरय, बगळे, घारी लांबून येऊन जमतात आणि आकडा फुगतो. तो खोटा नसतो, पण कारण लिहिलं नाही तर फसवा ठरतो.

जागा बांधून घ्या. पूर्ण खाडी मोजायचा हट्ट नको. तीन किंवा चार बिंदू ठरवा आणि प्रत्येक बिंदूवरून नजरेच्या टप्प्यातला कोणता भाग मोजायचा त्याच्या हद्दी ठरवा: ‘जेटीपासून पलीकडच्या काठावरच्या दोन माडांपर्यंत’ अशा. मोबाइलवर अक्षांश-रेखांश घ्या. पाच वर्षांनी माड पडतील, पण अक्षांश-रेखांश राहतील. दोन बिंदूंवरून एकच थवा दिसत असेल तर दोन्हीकडे एकाच वीस मिनिटांत मोजा आणि थवा उडाला की फोन करा. समुद्र गरुड किंवा ससाणा डोक्यावरून गेला की सगळी दांडी एका क्षणात रिकामी होते आणि तेच पक्षी दहा मिनिटांनी दुसऱ्या बिंदूवर दोनदा मोजले जातात. उडण्याची वेळ आणि दिशा वहीत टिपली असेल तर घरी बसून हा घोळ सोडवता येतो.

उन्हाची दिशाही जागा निवडताना बघा. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, सकाळी ऊन पाठीवर येतं आणि समुद्राकडचे पक्षी लख्ख दिसतात. संध्याकाळी तेच पक्षी काळ्या बाहुल्या होतात. खाडी मात्र बहुधा पूर्व-पश्चिम असते. उत्तर काठावर उभं राहून दक्षिणेकडे बघितलंत तर हिवाळ्यात दिवसभर पाण्यावरची चमक डोळ्यांत. जमेल तिथे दक्षिण काठ धरा.

साहित्य फार लागत नाही. ८×४२ ची दुर्बीण प्रत्येकाकडे नसली तरी गटात तीन तरी हव्यात. २० ते ६० पट वाढवणारा स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण) आणि दणकट तिपाई एक. हलकी तिपाई किनाऱ्याच्या वाऱ्यात थरथरते आणि मग महागडा स्कोपही फुकट. साठ पट कोणी वापरत नाही. सकाळी दहानंतर तीसच्या वर गेलात तर फक्त वाफाच दिसतात. घरी आल्यावर भिंगावर कोरडं फडकं मारू नका, मिठाच्या कणांनी ओरखडे उठतात. आधी फुंकणीने धूळ काढा, मग गोड्या पाण्याने किंचित ओलसर केलेलं मऊ कापड. पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. कोकणात एका पावसाळ्यात आतल्या भिंगावर बुरशी धरते आणि ती काढायचा खर्च नव्या दुर्बिणीच्या जवळ जातो.

चिखलात उतरू नका, उतरलंच पाहिजे तर ओहोटी उतरतीला असताना आणि दोघांनी. चढत्या पाण्यात नाळी आधी आपल्या मागे भरतात. अनवाणी तर नकोच. कालवांची धार पाय उभा चिरते.

प्रत्यक्ष मोजणं हे वेगळं कौशल्य आहे आणि पक्षी ओळखता येण्याशी त्याचा फारसा संबंध नाही. शंभरपर्यंतचा थवा एक-एक करून मोजा. त्याच्या वर गेला की दहाचा गठ्ठा डोळ्यात बसवा: दहा पक्षी मोजा, ते थव्याची किती जागा व्यापतात ते बघा, आणि तेवढ्या जागा डावीकडून उजवीकडे मोजत जा. हजाराच्या वर पन्नास किंवा शंभरचा गठ्ठा. हातात बटण दाबून आकडा पुढे सरकवणारं मोजणीयंत्र ठेवा म्हणजे मधेच कोणी बोललं तरी आकडा हरवत नाही. दोघांनी एकमेकांना न सांगता मोजायचं आणि मग आकडे ताडायचे. दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला तर पुन्हा मोजा. मधला आकडा तडजोडीने ठरवणं ही सगळ्यात वाईट सवय. त्यात दोघांचीही चूक कायमची लपते.

सराव घरी होतो. सुपात मूठभर हरभरे टाका, दहा सेकंद बघा, आकडा कागदावर लिहा, मग मोजा. पहिल्या वीस वेळा जवळजवळ सगळेच कमी सांगतात, आणि जितके दाणे जास्त तितकी चूक मोठी. दाटीवाटीने पडलेले आणि पांगलेले, दोन्ही प्रकारे करा, कारण दाट थवा नेहमी लहान वाटतो. महिनाभर रोज पाच मिनिटं केलंत की तुमची चूक कोणत्या बाजूला आणि किती, ते कळायला लागतं.

मिश्र थव्यात प्रत्येक जातीचे किती, हा खरा पेच. आधी जातीकडे न बघता एकूण आकडा काढा. समजा १,२०० आला. मग स्कोप थव्याच्या तीन वेगळ्या ठिकाणी लावा आणि प्रत्येक ठिकाणी शंभर पक्षी जातीनुसार मोजा. तीनशेपैकी १८० वाळू चिखले, ७५ केंटिश चिखले आणि ४५ डनलिन निघाले तर प्रमाण ६०, २५ आणि १५ टक्के. म्हणजे ७२०, ३०० आणि १८०. तीन ठिकाणं काठावरची नसावीत. लहान पक्षी कडेला आणि उंच पायांचे पाण्याच्या बाजूला असं स्वतःच वाटून बसतात, त्यामुळे कडेवरचा नमुना घेतलात की एखादी जात प्रमाणाबाहेर जास्त निघते. थव्यात एखाद-दुसराच असलेला मोठा पक्षी, उदाहरणार्थ कुरल, टक्केवारीत घालू नका. तो वेगळा, एक-एक करून मोजायचा.

ओळखीत कुठे घसरतात ते सांगतो, सगळं पुस्तक इथे मावणार नाही. हिवाळ्यातला केंटिश चिखल्या आणि वाळू चिखल्या लांबून सारखे. केंटिशच्या मानेमागे पांढरी पट्टी असते, वाळू चिखल्याला नसते. पाठमोरा बसलेला पक्षीसुद्धा त्यावरून सुटतो. मोठा वाळू चिखल्या चोचीने ओळखा, रंगाने नको: चोच लांब, जड, पाय उंच. करडा चिखल्या उडाला की पंखाखाली बगलेत काळा ठिपका दिसतो, सोनेरी चिखल्याला तो नसतो. टिलव्यांत लाल पायांचा उडताना पंखाच्या मागच्या कडेला रुंद पांढरी पट्टी दाखवतो. लाटेमागे धावून पुन्हा पुढे पळणारे फिकट, काळ्या पायांचे छोटे पक्षी म्हणजे सँडरलिंग. त्यांना मागचं बोट नसतं, फोटोत पाय स्पष्ट आला तर खात्रीच. सुरयांत चोचीकडे बघा: भडक नारिंगी म्हणजे छोटा तुरेवाला, फिकट पिवळी-हिरवट म्हणजे मोठा तुरेवाला, काळी नि टोकाला पिवळी म्हणजे सँडविच, जाड काळी म्हणजे कुरव-चोच्या. पांढरा समुद्र बगळा लहान बगळा म्हणून लिहिला जातो. त्याची चोच जाडसर आणि पिवळट-तपकिरी, लहान बगळ्याची काळी आणि सुईसारखी.

यातलं काही स्पष्ट झालं नाही तर ‘छोटे चिखले, जात अनिश्चित, १४०’ असं लिहा. तपासणाऱ्याला त्यावरून तुमच्याबद्दल भरवसाच वाटतो. ज्या गटाच्या वहीत अनिश्चित म्हणून एकही नोंद नाही त्या वहीकडे जाणकार संशयाने बघतात.

नावांचंही तसंच. ‘चिखल्या’ एका गावात एका पक्ष्याला, शेजारच्या गावात दुसऱ्याच पक्ष्याला. पांढऱ्या पोटाच्या समुद्र गरुडाला रत्नागिरीकडे ‘काकण’ म्हणतात. ही नावं जरूर जमवा, ती कुठल्याच संग्रहात पुरेशी नाहीत, पण प्रत्येकापुढे शास्त्रीय नाव टाका. शिवाय शास्त्रीय नावंही हलतात. छोट्या वाळू चिखल्याची अलीकडे सायबेरियन आणि तिबेटी अशी फोड झाली आहे. जुनी नोंद कोणत्या नावाने होती ते वहीत राहू द्या, खोडून नवं लिहू नका.

वहीतलं एक पान कसं दिसावं, याचा नमुना (आकडे कल्पित):

‘बिंदू २, जेटीच्या पूर्वेला. चतुर्दशी. सुरू ८.४०, शेवट १०.२५. निरीक्षक ३, स्कोप १. भरती पूर्ण १०.३०, पाणी चढतं. वारा वायव्येकडून हलका. आडकाठी: ९.५० ला मचवा गेला, थवा उडून पाच मिनिटांत परत. वाळू चिखले ७२० (नमुना पद्धत), केंटिश ३०० (नमुना), डनलिन १८० (नमुना), कुरल ६ (मोजून), लाल टिलवा ४१ (मोजून), छोटे चिखले अनिश्चित ६०. पाणकावळे ०. बिंदू ३: एकही पाणपक्षी नाही, मिठागरात पाणी नव्हतं.’

शेवटची ओळ नीट वाचा. शून्य ही नोंद आहे. रिकामं मिठागर लिहिलं नाही तर पुढच्या माणसाला कळणार नाही की तिथे पक्षी नव्हते की तिथे कोणी गेलंच नाही. ‘मोजून’ आणि ‘नमुना’ हे कंसही सोडू नका, आकड्यावर किती टेकायचं ते त्यावरून ठरतं.

पाठवायचं कसं? जानेवारीची गणना दुसऱ्या शनिवारपासून तिसऱ्या रविवारपर्यंत, म्हणजे नऊ दिवस असते. पंचांग उघडून त्यातला द्वादशी ते पौर्णिमा-अमावास्येतला दिवस निवडा. एखाद्या वर्षी असा दिवस सापडत नाही, तेव्हा त्यातल्या त्यात उंच सकाळची भरती धरा. राज्याच्या समन्वयकाला आधी कळवून जागेची नोंद करून घ्या म्हणजे जागेला एकच नाव आणि एकच हद्द राहते. वर्षभराच्या बाकी नोंदी ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. तिथे तीन गोष्टी पाळा. दिसलेल्या सगळ्या जाती लिहिल्या असतील तरच ‘पूर्ण यादी’ म्हणा. फक्त आवडलेले पक्षी टाकले असतील तर म्हणू नका. आकड्याच्या जागी फुली मारू नका, अंदाजी का होईना आकडा द्या. आणि चारही बिंदू एका यादीत कोंबू नका, प्रत्येकाची यादी वेगळी करा. दोन किलोमीटरचा चिखल, माडाची बाग आणि सड्यावरचं गवत एका यादीत आलं की त्यातून खाडीचं काही काढता येत नाही. देशातल्या पक्ष्यांचा २०२३ चा मोठा आढावा ९४२ जातींचा झाला तो अशाच हौशी नोंदींच्या ढिगातून. त्या ढिगात शहरांजवळच्या तळ्यांच्या याद्या उदंड आहेत. आडगावच्या खाडीची यादी त्यात वजनदार ठरते.

पायात कडं किंवा रंगीत पट्टी दिसली तर बाकी सगळं थांबवून तिच्यामागे लागा. पक्ष्याचा डावा पाय की उजवा (त्याचा, तुमचा नव्हे), सांध्याच्या वर की खाली, वरून खाली रंग कोणते, पट्टीवर अक्षरं कोणती, हे चार मुद्दे लिहा आणि मगच फोटो. फोटो उलटा झाला तर पाय बदलतो, म्हणून आधी वही. आपल्या संस्थेच्या धातूच्या कड्यावर मुंबईच्या सोसायटीला कळवा अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर आणि क्रमांक असतो. मेलेल्या पक्ष्याच्या पायात कडं सापडलं तर क्रमांकाचा फोटो, तारीख, जागा आणि पक्षी कसा सापडला ते कळवा. जिवंत पक्ष्याचं कडं काढायचं नाही. आणि स्वतः जाळं लावून कडी घालण्याचा विचार डोक्यात असेल तर काढून टाका: १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली परवानगीशिवाय पक्षी पकडणं गुन्हा आहे. परवानगी मिळाली तरी आधी प्रशिक्षित माणसाच्या हाताखाली काम शिकावं लागतं. जाळ्यातून चिखल्या सोडवताना पाय मोडायला एक चुकीचा झटका पुरतो.

पावसाळ्यात तुमच्या हाती असं काही येऊ शकतं जे मुंबईत बसलेल्यांना मिळत नाही. जून ते ऑगस्टमध्ये वादळी वाऱ्याने खोल समुद्रावरचे पक्षी पुळणीवर येऊन पडतात: बूबी, फ्रिगेट, काजळी सुरय, वादळी पाखरू. थकलेले असतात, मेलेले नसतात. परत समुद्रात फेकू नका, लाटेबरोबर पुन्हा बाहेर येतात आणि तेव्हा मेलेले असतात. तोंडात पाणी किंवा मासा कोंबू नका, तो श्वासनलिकेत जातो. भोकं पाडलेलं खोकं, तळाला जुना टॉवेल, अंधार, शांतता, आणि वनविभागाची मदतवाहिनी १९२६. बूबीच्या चोचीपासून डोळे सांभाळा. तो समोरच्याच्या चेहऱ्यावर मारतो.

खोक्यात ठेवण्याआधी दोन मिनिटांत फोटो घ्या, कारण ओळख नंतर त्यांच्यावरच होते. पंख उघडून वरून एक, खालून एक, चोच बाजूने (नाकपुड्या दिसतील अशी) शेजारी मोजपट्टी किंवा नाणं ठेवून, पाय आणि बोटांमधला पडदा, पाठीचा खालचा भाग. छोट्या काळ्या वादळी पाखरात पडदा पिवळा की काळा यावर जात ठरते आणि फोटोत नेमका तोच राहून जातो. एकाच ठिकाणी पाच-दहा पक्षी मेलेले दिसले तर मात्र हात लावू नका. पशुसंवर्धन विभागाला आणि वनविभागाला कळवा. मेलेला पक्षी पेंढा भरायला म्हणून घरी ठेवणंही कायद्यात बसत नाही.

दुर्मीळ पक्ष्याची नोंद छापायची असेल तर आधी बघा की तुमच्या जिल्ह्यातून, राज्यातून तो पूर्वी कोणी नोंदला आहे का. टिपणात ‘हा तोच का’ याबरोबर ‘हा दुसरा का नाही’ हेही लिहावं लागतं. बरीच टिपणं या दुसऱ्या भागापायी परत येतात.

घरट्यांबाबत संयम ठेवा. समुद्र गरुड वर्षानुवर्षं त्याच उंच झाडावर, सुरू किंवा आंबा, काटक्यांची रास वाढवत राहतो आणि ऑक्टोबरनंतर अंडी घालतो. झाडाखाली गर्दी झाली की घरटं सोडतो. त्या झाडाचा ठावठिकाणा सार्वजनिक करू नका, नोंद गाव-पातळीवर ठेवा, नेमकी जागा फक्त वनविभागाला सांगा. वेंगुर्ल्याच्या बेटांवरच्या गुहांतल्या पाकोळ्या लाळेची घरटी करतात आणि त्या घरट्यांना चोरटा बाजार आहे. तिथले फोटो टाकताना गुहेचं तोंड ओळखू येणार नाही याची काळजी घ्या. केंटिश चिखल्याची अंडी वाळूत उघडी असतात, रंगाने वाळूसारखी. पुळणीवर भर उन्हात एखादा चिखल्या पंख मोडल्यासारखा फरफटत तुमच्यापुढून पळाला तर तिथेच थांबा, आल्या पावलांवरून मागे फिरा.

फेऱ्या किती? ऑक्टोबर ते एप्रिल महिन्यातून एक, त्याच बिंदूंवर, त्याच भरतीला. दर रविवारपेक्षा ही एक फेरी जास्त सांगते. आणि जूनमध्ये एक फेरी कराच, छत्री धरून का होईना. उत्तरेकडे न गेलेले पहिल्या वर्षाचे कुरल, टिलवे, चिखले भर पावसात खाडीत असतात. त्या महिन्याच्या नोंदी हिवाळ्याच्या मानाने फारच कमी असतात, कारण तेव्हा सगळे दुर्बिणी डब्यात घालून बसलेले असतात.